‘द वर्ल्ड्स एंड’ : साध्या पाण्याचा सिनेमा

परवाच्या रविवारी आम्ही पाच जणांनी मिळून ‘द वर्ल्ड्स एंड’ बघितला. बारावीला मागच्या दोन बाकांवर बसणारे आम्ही पाच. एक कॅनडातून महिनाभरासाठी आलाय, एक पुण्याहून सकाळीच गाडी काढून आला, बाकीचे तिघे नाशिकचेच. दरवर्षी पावसाळ्यात कुणाच्या तरी घरी आमचं बसणं होतं. ‘बसणं’ म्हणजे काय ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. यंदा गंगापूर रोडला माझ्याकडे होतं आणि मी आधीच सांगून ठेवलं, की अगोदर सिनेमा, मग बाकी सगळं.

मी तो महिनाभर आधी मुलीबरोबर पाहिला होता. ती पुण्याला शिकते. सुट्टीत आली की मला तिच्या आवडीचं काहीतरी दाखवते आणि मी बघतो. यावेळी म्हणाली, “बाबा, हे तीन सिनेमे आहेत, ओळीने बघायचे. मधला गाळू नका, नाहीतर तिसरा कळणार नाही.” खरं तर तिन्हींच्या गोष्टी वेगळ्या, माणसंही वेगळी, त्यामुळे तिसरा एकटा बघितला तरी कळतो. पण ओळीने बघितल्यावर तो जिव्हारी लागतो, हे तिचं म्हणणं मला पटलं.

आधीच सांगतो, शेवट सांगितल्याशिवाय मला या सिनेमाबद्दल लिहिता येणार नाही. ज्यांना कोरा बघायचाय त्यांनी आधी बघून यावा.

तर हे तीन सिनेमे म्हणजे ‘शॉन ऑफ द डेड’ (२००४), ‘हॉट फझ’ (२००७) आणि ‘द वर्ल्ड्स एंड’ (२०१३). तिन्हींचा दिग्दर्शक एडगर राइट. लेखन त्याचं आणि सायमन पेगचं, आणि पडद्यावर पेग आणि निक फ्रॉस्ट ही जोडी. पहिल्यात लंडनमध्ये झोंबी, दुसऱ्यात खेड्यात बदली झालेला कडक पोलीस, तिसऱ्यात परग्रहावरची सत्ता. तिघांना बांधणारी एक गंमत म्हणजे कॉर्नेटो, आपल्याकडेही मिळतो तोच आइस्क्रीमचा कोन. पहिल्यात स्ट्रॉबेरीचा लाल, रक्ताचा. दुसऱ्यात निळा, पोलिसांचा. तिसऱ्यात मिंटचा हिरवा, परग्रहवासीयांचा. तिसऱ्यात तो कोणी खातही नाही. जग बुडाल्यावर नुसतं हिरवं वेष्टन वाऱ्यावर उडत येतं, कुंपणाला क्षणभर अडकतं आणि निघून जातं. आइस्क्रीमच्या कागदाने माझ्या घशात आवंढा येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

गोष्ट साधी आहे. गॅरी किंग नावाचा एक चाळिशीतला माणूस. २२ जून १९९० च्या रात्री तो आणि त्याचे चार मित्र न्यूटन हेवन या आपल्या गावातल्या बारा पबमध्ये एकेक ग्लास बिअर प्यायला निघाले होते. शेवटचे तीन पब राहून गेले. गॅरीच्या मते त्याच्या आयुष्यातली ती सर्वांत भारी रात्र. बाकीचे चौघे मार्गी लागले. पीटर बापाच्या गाड्यांच्या शोरूममध्ये, ऑलिव्हर घरं विकण्याच्या धंद्यात, स्टीव्हन बांधकामाच्या धंद्यात, अँडी मोठा वकील. गॅरी मात्र त्याच काळ्या लांब कोटात, त्याच बँडच्या टी-शर्टात आणि त्याच जुन्या फोर्ड ग्रॅनाडात अडकलाय. तो चौघांना गोळा करतो आणि म्हणतो, चला, ते बारा पूर्ण करू.

१९९० ला आम्हीही बारावीच झालो होतो. निकालाच्या दिवशी आम्ही पाचजण अशोक स्तंभावरून चालत निघालो ते मेन रोडचा साबुदाणा वडा, रविवार कारंज्याजवळ चहा, बुधा हलवायाची जिलेबी असं करत रात्री रामकुंडावर जाऊन बसलो. बिअर नव्हती, कोणाच्या खिशात तेवढे पैसेच नव्हते. त्या रात्रीचं आजही कोणी नाव काढलं, की आमच्यातला एकजण उरलेली सगळी रात्र तेवढ्याच एका गोष्टीवर काढतो. म्हणजे काढायचा.

मी सातपूर एमआयडीसीत एका टूलरूममध्ये तीस वर्षं काढली. पत्रा कापणाऱ्या साच्याचे दोन भाग, डाय आणि पंच, यांच्यात किती गॅप ठेवायचा यावर आमचं पोट. जास्त ठेवला तर कापलेल्या तुकड्याच्या कडेला खरखरीत काठ येतो, कमी ठेवला तर टूल जातं. त्या सवयीने मी सिनेमाची पटकथाही चाचपून बघतो, आणि हा सिनेमा त्या मापाला उतरतो. सुरुवातीची तीन-चार मिनिटं गॅरी १९९० च्या रात्रीची हकीकत सांगतो. कोण कुठे गळाला, कोणाबरोबर काय झालं, शेवटी टेकडीवर पहाट कशी झाली. पुढचा अख्खा सिनेमा त्याच क्रमाने घडतो. दुसऱ्यांदा बघताना हे लक्षात आलं तेव्हा मी उठून बसलो. पबांची नावंसुद्धा अशीच बसवलेली. ‘द क्रॉस हँड्स’मध्ये पहिली हाणामारी. ‘द टू-हेडेड डॉग’मध्ये जुळ्या बहिणी. ‘द होल इन द वॉल’ येतो तेव्हा खरोखरच भिंत फोडून गाडी आत घुसते. इंग्रजी बोर्ड वाचायचा कंटाळा करू नका, पाटी दिसली की पॉज करा.

गावात पोचल्यावर पहिला धक्का परग्रहवासीयांचा नाहीच. पहिला पब आणि दुसरा पब आतून हुबेहूब सारखे निघतात. तीच टेबलं, तेच फळ्यावरचं खडूचं अक्षर, तोच रंग. स्टीव्हन याला ‘स्टारबकिंग’ म्हणतो. म्हणजे जुन्या जागेचा जीव काढून घ्यायचा आणि वर तिचाच मुखवटा लावायचा. इथे पुण्याचा मित्र एकदम म्हणाला, “अरे, हे तर आपलं मिसळीचं झालंय.” त्याचं बरोबर होतं. शहराबाहेर कुठल्याही रस्त्याने निघा. दाराशी बैलगाडी, झाडाला झोपाळा, बसायला बाज, ‘चुलीवरची’ अशी पाटी, शेवटी गुळाचा खडा. पाच ठिकाणी मिसळ खाल्ली तर कुठली कुठे खाल्ली हे फोटो बघूनही सांगता येत नाही. मला त्याचं वाईट वाटतं. लहानपणी प्रत्येक मिसळवाल्याचा रस्सा वेगळा होता आणि वडील रस्स्यावरून भांडायचे.

मग ‘द क्रॉस हँड्स’च्या मुतारीत कळतं, की गावातली निम्मी-अधिक माणसं माणसंच नाहीत. कापलं की निळी शाई निघते. एक मोठी सत्ता, तिला ‘नेटवर्क’ म्हणतात, गावाला सुधारायला आलीय आणि जे सुधारायला तयार नाहीत त्यांच्या जागी तिने हुबेहूब तसेच पुतळे आणून बसवलेत. मारामाऱ्या फार सुंदर बसवल्या आहेत. जॅकी चॅनच्या चमूत तयार झालेल्या ब्रॅड ॲलनचं ते काम. ‘द बीहाइव्ह’मध्ये चहूबाजूंनी हल्ला होतोय आणि गॅरीला हातातली बिअर प्यायचीय. वळतो, वाकतो, लाथ मारतो, ग्लास तोंडाशी नेतो आणि परत कोणीतरी आड येतं. आम्ही खूप हसलो. त्याच वेळी हेही दिसत होतं, की या माणसाला जिवापेक्षा ग्लास मोठा आहे.

अभिनयाबद्दल दोनच गोष्टी सांगतो. पहिली पीटर झालेल्या एडी मार्सनची. पीटरला शाळेत एक दांडगा पोरगा रोज छळायचा. इतक्या वर्षांनी तोच माणूस पबमध्ये त्याच्या टेबलाशी येतो, खुर्चीबद्दल काहीतरी विचारतो आणि निघून जातो. त्याने पीटरला ओळखलेलंच नसतं. मार्सन हे मित्रांना अगदी हळू आवाजात सांगतो. छळल्याचं दुःख आहेच, पण ज्याने आपलं बालपण नासवलं त्याच्या लक्षातही आपण नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर उमटत जातं. विनोदी सिनेमात असं दोन मिनिटं थांबायला हिंमत लागते.

दुसरी गोष्ट फ्रॉस्टची, आणि तिच्यासाठीच मी हे लिहायला बसलो.

आधीच्या दोन सिनेमांत पेग जबाबदार आणि फ्रॉस्ट मोठं न झालेलं पोर. इथे राइटने अदलाबदल केली. गॅरी झालेला पेग वाया गेलेला आणि अँडी झालेला फ्रॉस्ट गंभीर, सोळा वर्षं दारूला न शिवलेला. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांनी एखाद्या सिनेमात एकमेकांची कामं घेतली असती तर आपल्याला कसं वाटलं असतं, तसा हा धक्का आहे. आणि फ्रॉस्ट काय काम करतो! खांदे ताठ, जबडा आवळलेला, कोटाची बटणं लावलेली. हा माणूस मैत्रीखातर आलाय आणि त्याचं त्यालाच ते आवडलेलं नाही, हे एका वाक्याविना कळतं.

पहिल्या पबमध्ये गॅरी सगळ्यांना बिअर मागवतो आणि अँडी आपल्यासाठी नळाचं पाणी घेतो. गॅरी त्याची टर उडवतो. अँडी आवाज न चढवता ऐकवतो, की मर्दांनी गच्च भरलेल्या पबमध्ये, सगळे जल्लोष करत असताना, साधं पाणी मागायला खरी छाती लागते.

आमच्या पाचांतल्या एकाने दारू सोडली त्याला आता आठ वर्षं झाली. तोच, रामकुंडाची गोष्ट सांगणारा. का सोडली, त्याआधी घरी काय काय झालं, ते त्याचं आहे. मी फक्त माझं सांगतो. त्याने सोडल्यावर पहिली दोन-तीन वर्षं आमच्या बसण्यात मी दर वेळी त्याला म्हणालोय, “एक घे रे, एकाने काय होतं.” एकदा तर ग्लास भरून हातात दिला. तो हसून बाजूला ठेवायचा आणि जाऊन स्वयंपाकघरातून पाणी घेऊन यायचा. आमच्या शहराची ओळख आता द्राक्ष आणि वाईन. लग्न असो, रिटायरमेंट असो, कंपनीचं गेट-टुगेदर असो, सगळीकडे ग्लास पुढे येतो आणि नाही म्हणणाऱ्याला कारण द्यावं लागतं. तो प्रत्येक ठिकाणी कारण देत राहिला आणि आम्ही, त्याचे सगळ्यांत जवळचे, तेही त्याला कारणच विचारत राहिलो. महिनाभरापूर्वी मुलीबरोबर हा प्रसंग बघताना मला माझा पुढे केलेला हात दिसला. मी तिला सिनेमा थांबवायला सांगितलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

म्हणून रविवारी तो सोफ्याच्या कडेला बसला होता तेव्हा माझं लक्ष पडद्यापेक्षा त्याच्याकडे जास्त होतं. त्याच्या हातात स्टीलचा पेला होता, पाण्याचा. अँडी बोलला तेव्हा त्याने पेला तोंडाशी नेला होता, तो तसाच धरून ठेवला.

आता तक्रारी. पहिली त्याचीच आहे आणि मला ती पूर्ण मान्य आहे. मुतारीतल्या मारामारीनंतर भेदरलेला अँडी समोरचे लहान ग्लास एकामागून एक घशात ओततो. सोळा वर्षं मोडली. सिनेमा ते जल्लोषाचं वळण म्हणून दाखवतो. पुढे अँडी बैलासारखा लढतो आणि प्रेक्षकाने टाळ्या वाजवाव्यात अशी ती मांडणी आहे. मित्र तेवढंच म्हणाला, “हे असं नसतं रे. दुसऱ्या दिवशीची सकाळ दाखवायला पाहिजे होती.” सिनेमात दुसऱ्या दिवशी जगच उरत नाही, त्यामुळे ती सकाळ लेखकांना लिहावीच लागली नाही. जे पेगला नक्की माहीत होतं ते इथे त्याने टाळलं असं मला वाटतं. माहीत होतं म्हणतो कारण त्याने स्वतःच्या दारूच्या व्यसनाबद्दल आणि ते सोडल्याबद्दल नंतर मुलाखतींतून उघडपणे सांगितलंय.

दुसरी तक्रार सॅमची. रोझमंड पाइकसारखी नटी घेऊन तिला ऑलिव्हरची बहीण आणि दोघांची जुनी आवड एवढंच दिलंय. मध्येच तिला गाडीत बसवून गावाबाहेर पाठवतात. तिसरी, नेटवर्कशी चालणारा शेवटचा वाद लांबतो. नेटवर्कला दिलेला बिल नायचा आवाज छान आहे (तिन्ही सिनेमांत त्याला ओळखायचा खेळ आम्ही केला), पण दारूच्या नशेत माणुसकीची वकिली हा विनोद पाच मिनिटांत संपला असता. आणि शिव्या भरपूर आहेत. इंग्लंडमध्ये हा पंधरा वर्षांखालच्यांना दाखवत नाहीत, तेच आपणही पाळावं. बोली इंग्रजी, भरभर बोलणं, त्यामुळे खालच्या ओळी चालू ठेवूनच बघा.

हसण्याच्या हिशोबाने ‘हॉट फझ’ वरचढ आहे, यात वाद नको. एडगर राइट ज्या वेल्स गावात वाढला तिथेच तो चित्रित केलाय आणि त्यातला एक शब्दही फुकट गेलेला नाही. पण ‘हॉट फझ’ बघून मी झोपी गेलो. तिसऱ्याने झोप घालवली.

एक गोष्ट मला वाचताना कळली आणि आवडली. न्यूटन हेवन गाव खरं नाही. त्याचं चित्रीकरण लेचवर्थ आणि वेल्विन या दोन ‘गार्डन सिटीं’मध्ये झालं. आखून-रेखून वसवलेली आदर्श गावं. त्यातल्या लेचवर्थमध्ये कित्येक दशकं सार्वजनिक ठिकाणी दारू विकायला बंदी होती. रेल्वे स्टेशनलाच ‘द होल इन द वॉल’ बनवलं आणि सिनेमा थिएटरला ‘द मर्मेड’. गाव सुधारायला निघालेल्या सत्तेची गोष्ट सांगायला याहून चांगली जागा मिळाली नसती.

आता शेवटचा पब. ‘द वर्ल्ड्स एंड’. बाहेर सगळं गाव मागे लागलंय, मित्र गमावलेत, आणि गॅरीला फक्त बारावा ग्लास दिसतोय. अँडी त्याला अडवतो. झटापटीत गॅरीच्या कोटाची बाही वर सरकते. मनगटाला बँडेज, शेजारी हॉस्पिटलचा पट्टा. सिनेमाची सुरुवात गोल करून बसलेल्या माणसांच्या सभेत झाली होती. ते काय होतं, ते आता कळतं. तो ज्या ठिकाणाहून पळून आला होता तिथे तो स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करेल या भीतीने त्याला ठेवलं होतं. आणि तो अँडीला सांगतो, की माझ्याकडे एवढंच उरलंय. तोवर हा माणूस आपल्याला मजेशीर आणि थोडा चीड आणणारा वाटत असतो. पेगचा चेहरा तिथे एकदम लहान मुलासारखा होतो. कॅनडावाल्याने चष्मा काढला. खोलीत फक्त पंख्याचा आवाज.

त्यानंतर जग संपतं. वीज गेली, यंत्रं गेली. अँडी शेकोटीशी बसून ही गोष्ट सांगतोय. आणि कुठल्याशा उजाड गावातल्या पबमध्ये गॅरी शिरतो. बरोबर त्याच्या चार मित्रांचे तरुणपणीचे निळ्या रक्ताचे पुतळे. गल्ल्यापाशी जाऊन तो पाणी मागतो. पाच जणांसाठी. पबवाला त्या चौघांना पाणी द्यायला तयार नाही, पण गॅरी त्यांच्या बाजूने उभा राहतो.

दोन वाचनं होतात. पुण्याच्या मित्राचं म्हणणं, तो अजूनही १९९० मध्येच आहे, फक्त मित्र खोटे आणलेत. माझं म्हणणं, ज्या माणसाने मित्राच्या पाण्याची टर उडवली तो आता मित्रांसाठी पाणी मागतोय, आणि तेही पबमध्ये. आम्ही अर्धा तास यावर बोललो. ज्याचं मत मला हवं होतं तो गप्प होता. मग त्याने रिमोट मागितला आणि शेवटची दोन मिनिटं मागे नेऊन परत लावली. एकदा. रिमोट टीपॉयवर ठेवला आणि पेला स्वयंपाकघरात नेऊन विसळून आला.

मी त्याच्या मागे गेलो. इतकी वर्षं मी जे करत होतो त्याबद्दल बोललो, जेवढं जमलं तेवढं. तो म्हणाला, “अरे सोड. तू भरलेला ग्लास मी बेसिनमध्ये ओतायचो, तुला दिसायचं नाही.” मग म्हणाला, “पावसाची उघडीप आहे, चल, पूर बघून येऊ.”

गंगापूर धरणातून दुपारीच पाणी सोडलं होतं. आम्ही पाचही जण एका गाडीत दाटीवाटीने बसून निघालो. होळकर पुलावर ही गर्दी. खाली गोदावरी गढूळ, रामकुंड कुठे आहे ते फक्त आम्हाला माहीत, दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी. कोणीतरी भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा घेतल्या. कॅनडावाला व्हिडिओ काढत होता.

शेंगा सोलता सोलता दारू सोडलेला मित्र मला म्हणाला, “तो दुसरा कोणता, पोलिसांचा? पुढच्या रविवारी लाव. मी येतो.”